गावची जत्रा आणि वर्गणीची पावती : तुमच्याकडचे अनुभव लिहा

शिवारवाट
काल गावच्या ग्रुपवर निरोप आला. यंदा घरटी वर्गणी नाही, जत्रेचा सगळा खर्च एका दात्याने उचललाय, कुणीही पैसे देऊ नयेत. खाली हात जोडल्याच्या चित्रांची ही मोठी रांग. मला काही हात जोडावेसे वाटले नाहीत. रात्री झोप लागेना म्हणून लिहितोय.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. चैत्रात जत्रा. आजोबा यात्रा कमिटीत होते. पाडव्याला देवळात बैठक बसायची आणि पट्टी ठरायची, दर उंबऱ्याला इतकी. ज्याच्याकडे रोकड नाही तो पायलीभर बाजरी द्यायचा, नाहीतर मांडवाच्या कामाला एक माणूस. एकट्या बाईचं घर असेल तर आकडा आपोआप निम्मा मांडला जायचा, त्यावर चर्चा नाही. आजोबांच्या मागे पिशवी आणि पावतीपुस्तक घेऊन मी हिंडायचो. कार्बनने बोटं निळी व्हायची.

वेशीजवळ एक म्हातारी राहायची. पदराची गाठ सोडून नोटा काढायची, मोजून द्यायची आणि दरवर्षी बजावायची, "पावतीवर माझं नाव घाल. पोराचं नको." जत्रा झाली की त्याच देवळात हिशोब वाचला जायचा. एका वर्षी तीच म्हातारी मध्येच उठली आणि विचारलं की बत्त्या इतक्याच होत्या, मग भाडं एवढं कसं? पुढारी मंडळी समोर बसलेली, पण तिला उत्तर द्यावं लागलं. कारण तिच्याकडे पावती होती.

यंदा कुणाकडेच पावती नसणार. हिशोब कोण कुणाला विचारणार? तुमच्या गावात काय चाललंय ते लिहा.

तिफण
आंबेगावकडचा आहे. दादा, हे एका वर्षात होत नाही. आमच्याकडे कसं झालं सांगतो. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली आणि आमची जत्राच बसली. बैलगाडे नाहीत म्हणजे पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत म्हणजे भेळवाला नाही, रसवंती नाही. सकाळी मांडव-डहाळे, शेरणीचा प्रसाद वाटप, संध्याकाळी पालखी, की झाली जत्रा. डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली तेव्हा पोरं घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, नाचली. मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींचा राज्याचा कायदाही वैध ठरवला. पण मधल्या काळात सगळं बदलून गेलेलं. पूर्वी पहिल्या नंबरला ढाल आणि थोडी रोख रक्कम असायची. आता दुचाकी, ट्रॅक्टर लावतात. शेजारच्या गावाने ट्रॅक्टर लावला की आपल्याकडे दुचाकीवर गाडे येत नाहीत. घरटी पाचशे रुपयांत ट्रॅक्टर कुठून येणार? मग दाता शोधायचा. दाता आला की त्याचा फ्लेक्स देवळाच्या कळसापेक्षा उंच.

बाकी गाड्यापुढची घोडी सुटली आणि भिर्रर्र झाली की मी पण सगळं विसरतो, ते वेगळं.

सातारी_सून
कुकर लावून लिहितेय. वर्गणी पुरुषांच्या नावावर आणि जत्रा बायकांच्या हातावर. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी तिखट. पाहुण्यांना "जेवून जा" म्हणणारे ओट्यावर बसलेले आणि आम्ही चुलीपुढे पहाटे चारपासून. पालखी दारात आली की तेवढं बाहेर यायचं, पायावर पाणी घालायचं, परत आत. लग्नानंतर माझी पहिली कितीतरी वर्षं पाळणे लांबूनच दिसले. त्या म्हातारीने स्वतःचं नाव घालायला लावलं हे वाचून फार बरं वाटलं.

रानजाई
@सातारी_सून, अगदी गं. आमच्याकडे आता पुरण यंत्रातून काढतात, पण लाटायला माणूस लागतंच. तुझ्याकडे कटाच्या आमटीला खोबरं भाजून की कच्चं?

सातारी_सून
भाजून, चांगलं काळपट होईपर्यंत. थोडे तीळ पण.

लालबाग_ते_पाटण
वडील गिरणीत होते. मुंबईकर मंडळाची वर्गणी दर पगाराला खोलीवर गोळा व्हायची. एका खोलीत गावची वीस-वीस माणसं, पाळीपाळीने झोपायची, पण जत्रेचे पैसे बाजूला काढल्याशिवाय कुणी मनीऑर्डर लिहीत नसे. देवाची चांदीची पालखी त्यांनीच केली. जत्रेत मुंबईकरांचं नाटक असायचं, बायकांच्या भूमिका आमच्याच काकांनी केलेल्या.

१९८२ चा संप झाला आणि ते सगळं तुटलं. वडील गावी परत आले. पहिल्या जत्रेत मुंबईकर मंडळाचं नाव पुकारलं नाही, कारण रक्कमच आली नव्हती. वडील देवळात गेले नाहीत त्या दिवशी. देवावर राग नव्हता, गावाला तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होता. पुढे माथाडीत लागलेल्या पोरांनी मंडळ परत उभं केलं, आता नवी मुंबईतून पैसे येतात. त्यामुळे वर्गणी म्हणजे नुसता पैसा नव्हे हे मला शिवारवाट यांच्या इतकंच पटतं. देता आलं नाही तर माणूस आतून खचतो.

काकणवाली
जत्रेत पाल ठोकणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आई बांगड्या भरायची. चैत्र-वैशाखात एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत, सामान टेम्पोत, आम्ही भावंडं सामानावर. या दोन महिन्यांच्या कमाईवर पावसाळा निघायचा आणि शाळेची पुस्तकं यायची. प्रत्येक गावात आमची जागा ठरलेली. ग्रामपंचायतीचा माणूस यायचा, पावती फाडायचा, आई त्याच्या पोरीला दोन बांगड्या जास्तीच्या द्यायची.

२०२० ला पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देश बंद झाला. आम्ही हंगामाचा माल उधारीवर भरून ठेवलेला, काचेच्या बांगड्यांच्या पेट्या छतापर्यंत. त्या वर्षी एक जत्रा नाही, पुढच्या वर्षीही नाही. व्यापाऱ्याचे पैसे फेडायला भावाने टेम्पो विकला.

आता सुरू झालंय तर नवीनच प्रकार. बऱ्याच गावांत अख्खं मैदान एका ठेकेदाराला लिलावाने देतात, आणि तो आम्हाला फुटावर जागा देतो. गावाला एकरकमी पैसे मिळतात, कमिटीची डोकेदुखी जाते. पण दर इतका की छोटं पाल परवडत नाही. मोठे पाळणे आणि खाण्याचे स्टॉल उरतात. जत्रेत काकणं भरणारी बाई दिसली नाही तर समजून घ्या की ती आलीच नाही असं नाही, तिला जागा मिळाली नसेल.

रानजाई
काकणवाली ताई, डोळ्यांत पाणी आलं. भावाचं आता कसं आहे?

काकणवाली
बरं आहे ताई. दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. लगीन ठरलंय.

माणदेशी_गडी
अभिनंदन भावाचं!!
आमच्या खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो, वडील दरवर्षी जायचे, घ्यायचं नसलं तरी. बैलाचे दात बघायचे, पाठीवर हात फिरवायचा आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा. २०२२ ला गुरांवर लम्पी रोग आला, गुरांचे बाजार बंद झाले, तेव्हा आमचे म्हातारबा घरात चकरा मारत बसले होते. बाजार भरला तर जत्रेत पैसा खेळतो. तमाशा, कुस्ती हे सगळं त्या पैशावर चालायचं, हे आता लोक विसरले.

उजेड
मला थोडं वेगळं लिहायचं आहे, धाग्याचा सूर बिघडवायचा हेतू नाही.

पट्टी आमच्या वस्तीलाही तेवढीच होती. पालखी मात्र वस्तीच्या तोंडाशी येऊन वळायची. आजोबा हलगी वाजवायचे, पालखीच्या पुढे. स्वतःच्या वस्तीकडे पाठ करून वाजवत जायचे. एका वर्षी त्यांनी पावती घेऊन आलेल्यांना सांगितलं, पालखी आत आणा, दुप्पट देतो. पालखी आली नाही, पैसे दिले नाहीत, हलगीही वाजली नाही. दुसऱ्या गावाहून वाजंत्री आणावे लागले.

पुढे आमच्या पिढीतली आणि गावातली काही शिकलेली पोरं एकत्र बसली. बरंच ताणलं गेलं, मी सगळं इथे लिहीत नाही. आता पालखी वस्तीत येते, आई औक्षण करते. आम्ही १४ एप्रिलची वर्गणी काढतो तेव्हा गावातली घरंही देतात. म्हणून वर्गणी असावी या मताचा मीही आहे, पण वर्गणी घ्यायची तर मान पण द्यायचा. पैसे सगळ्यांचे आणि पालखीचे खांदेकरी ठरलेल्या चार घरांतले, हे अजून कित्येक गावांत आहे.

शिवारवाट
@उजेड, सूर बिघडलेला नाही. उलट जे मला नीट मांडता आलं नव्हतं ते तुम्ही मांडलंत. आमच्याकडे पालखी कुठून कुठे जाते हे मी आज सकाळी काकांना फोन करून विचारलं. मागच्या आळीत अजूनही जात नाही. बैठकीत हा विषयही काढणार.

लालबाग_ते_पाटण
आजोबांना नमस्कार.

गोदाकाठ
नांदेडकर. आमच्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा नांदेड जिल्हा परिषद भरवते, त्यामुळे वर्गणीचा प्रश्न वेगळा. मार्गशीर्षात देवस्वारी निघते, मग घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार, पशुप्रदर्शन, कुस्त्या, लावणी महोत्सव. भटक्या जमातींची माणसं कुठून कुठून येतात, पूर्वी त्यांच्या जातपंचायती तिथंच बसायच्या, सोयरिकी तिथंच जुळायच्या. सरकारी पैसा असल्याने पाणी, दवाखाना, दिवे यांची सोय होते हे मान्य करायला पाहिजे. पण छोट्या गावांना ते कुठलं मिळायला! 'क' वर्ग यात्रास्थळाचा दर्जा मिळाला तर जिल्हा नियोजनातून सभामंडप, रस्ता, भक्तनिवास होतो. सिमेंटला पैसा आहे, तमाशाच्या फडाला खेळाची सुपारी द्यायला आणि पैलवानाच्या इनामाला नाही. ते गावानेच बघायचं.

ढोलकीच्या_घरातला
सुपारीचा विषय निघाला म्हणून. मामा तमाशात ढोलकी वाजवतो. पाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, यात्रा कमिट्या तिथं येऊन तारखा धरतात. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं गाव ते, दोनदा राष्ट्रपतींचा सन्मान मिळालेल्या. मामा सांगतो, पूर्वी कमिटीचे लोक वग कोणता, गण-गवळण कशी, सोंगाड्या कोण, हे विचारायचे. आता पहिला प्रश्न, कमी किती करता. पन्नास-साठ माणसं, ट्रक, जनरेटर, डिझेल. त्यात रात्री दहाचा नियम. तमाशा जेवणं उरकून रंगणार दहाला आणि दहालाच भोंगा बंद करायचा, मग वग कधी लावायचा? ज्या गावची कमिटी आधी जाऊन परवानगीचं बघते तिथं खेळ पुरा होतो. बाकीच्या ठिकाणी चार गाणी वाजवून पाल गुंडाळायचं, आणि मग "खेळ झाला नाही" म्हणून ठरलेल्या पैशातून कापतात.

एक गोष्ट मात्र सांगतो. ज्या गावात वर्गणी घरटी असते तिथं म्हातारी माणसं सकाळच्या हजेरीलाही, म्हणजे सकाळच्या खेळालाही, येऊन बसतात. आपल्या पैशाचा खेळ आहे म्हणून. मामाचं म्हणणं आहे हे, मी स्वतः मोजलेलं नाही.

मालवणी_मुलूख
आमच्याकडे कोकणात जत्रा म्हणजे दशावतार. रात्री पालखी फिरली की नाटक सुरू, ते पहाटे दहीकाल्यापर्यंत. देवळाचं मानधन बेताचं, पण मध्ये आरतीचं ताट फिरतं, त्यात ज्याला जमेल तसं. शंकासुर समोर येऊन उभा राहिला की पोरं आईच्या पदरात, आणि आई पटकन ताटात पैसे टाकते.

आंगणेवाडीला तर तारीखच तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. तारीख जाहीर झाली की मुंबईत तिकिटांची झुंबड. लाखो माणसं येतात, पण प्रसाद आंगण्यांच्या घरातल्या बायका अबोल राहून रांधतात. गर्दी एवढी वाढली तरी ते घराचंच राहिलंय, ह्या माका खूप मोठा वाटता.

रानजाई
खाजं! पुण्यात चांगलं मालवणी खाजं कुठे मिळेल? आल्याचं, कडक नको.

मालवणी_मुलूख
पुण्याचं ठाऊक नाही ओ ताई. जत्रेतलं कागदात बांधून दिलेलं, गुळ-आल्याचं, त्याची सर दुकानात येत नाही. पुढल्या वेळी गावाहून येताना आणेन, पत्ता खाजगीत कळवा.

कोरडवाहू
सगळ्यांचं वाचलं. माझं मत उलटं आहे. दुष्काळी पट्ट्यातला आहे. ज्या वर्षी पीक गेलं त्या वर्षीसुद्धा पट्टी तेवढीच, आणि नाही दिली तर चारचौघात नाव. आईने एकदा शेळी विकून पट्टी भरली. दाता भरत असेल तर गरिबाच्या घरातली शेळी राहते. याचाही विचार करा.

शिवारवाट
@कोरडवाहू, दादा, शेळी विकायला लावणारी पट्टी मलाही नको. आमच्याकडे पीक गेलं की बैठकीत पट्टी उतरवायचे, तशी उतरवता यायला हवी, अगदी दहा रुपयांवर आणली तरी चालेल. मी ग्रुपवर एवढंच सुचवलंय की दात्याचे पैसे घ्या, पण तीही एक पावती, छापील नंबरची, बाकीच्यांसारखी. ज्याला जे जमेल ते त्याने द्यावं, आणि जत्रेनंतर हिशोब देवळाच्या भिंतीला लावावा. दोघांनी होकार दिलाय, एकाने मला बाहेरचा म्हटलं, बाकी गप्प आहेत. रविवारी बैठक आहे, मी जाणार आहे.

कोरडवाहू
दहा रुपयाची पावती असेल तर माझी आई पण देईल.

तिफण
आमच्या कमिटीने मागच्या वर्षी चावडीवर क्यूआर कोड लावला. पुण्या-मुंबईचे पैसे लगेच आले, पण म्हाताऱ्यांचे राहून गेले, मग पोरं पुस्तक घेऊन परत घरोघर फिरली. दोन्ही ठेवा. आणि शिवारवाट, जुन्या पावतीचा फोटो असेल तर टाका, आमच्याकडे यंदा पुस्तक छापायला द्यायचंय.

शिवारवाट
आजोबांच्या पेटीत एक अर्धं पुस्तक आहे. संध्याकाळी फोटो टाकतो.

सातारी_सून
छापताना "श्री." च्या शेजारी "सौ./श्रीमती" पण छापा. जागा सोडा नीट.