खुब्याचे दुखणे आणि धावण्याची हौस : आपापले अनुभव

हौसेने धावणाऱ्या माणसाला गुडघ्यावर सल्ला देणारे पावलोपावली भेटतात, पण खुबा दुखू लागला की मुळात दुखते कुठे हेच सांगता येत नाही. बरगड्यांच्या खालपासून मांडीपर्यंतच्या साऱ्या मुलखाला आपण सरसकट ‘कंबर’ म्हणतो आणि डॉक्टरांसमोरही तेवढेच बोलून मोकळे होतो. माझे सहा महिने या एका शब्दापायी गेले. म्हणून लिहिणाऱ्यांना विनंती आहे की, जागा बोट ठेवून दाखवल्यासारखी सांगावी : बाहेरच्या बाजूचे हाड, जांघ, की मागे पार्श्वभाग. दुखणे कशाने वाढले आणि कशाने काहीच फरक पडला नाही, हेही लिहावे. सुरुवात मीच करतो.

पुणे, वय ४६

तळजाईवर आठवड्यातून चार दिवस मिळून सुमारे ३५ किलोमीटर धावत होतो. उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, विजारीच्या खिशाच्या शिवणीखाली हाताला जे टणक हाड लागते, तिथे दुखू लागले. पहिल्या दोन किलोमीटरनंतर त्याचा विसर पडे, म्हणून मी धावत राहिलो. खरा त्रास रात्रीचा होता, कारण उजव्या कुशीवर झोपता येत नसे, आणि डाव्या कुशीवर वळलो तरी वरचा पाय पुढे पडून तोच खुबा ठणकत असे.

कुठेतरी पाहून मी दुखरा पाय दुसऱ्या पायामागून पलीकडे नेऊन ताण देण्याचा व्यायाम दिवसातून तीनदा सुरू केला आणि दुखणे वाढतच गेले. अखेर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी उलगडा केला. पार्श्वभागातले स्नायू ज्या कंडरांनी त्या हाडाला जोडलेले असतात, त्या कंडरा दुखावल्या होत्या, आणि पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे ओढला की त्या हाडावर दाबल्या जातात. म्हणजे बरे होण्याच्या खटपटीत मी दिवसातून तीन वेळा दुखरी जागाच चेपत होतो. पायावर पाय टाकून बसणे, एका पायावर भार देऊन रेलून उभे राहणे हे त्यांनी बंद करायला लावले, झोपताना दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्यायला सांगितली (ती पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडली), आणि पाठीवर झोपून कंबर उचलणे, पायांना रबरी पट्टा लावून बाजूला पावले टाकणे, पायरीवर चढणे असे व्यायाम हळूहळू भार वाढवत करून घेतले.

मला खरे तर इंजेक्शन हवे होते. ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा दाखला देऊन त्या म्हणाल्या की, स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा योग्य सवयी आणि व्यायाम यांचा गुण आठ आठवड्यांतच अधिक दिसला होता. मला मात्र आठ पुरले नाहीत, चौदा लागले.

ठाणे, वय ३८

माझे दुखणे जांघेत, खोलवर होते. जानेवारीतल्या अर्धमॅरेथॉनसाठी, म्हणजे २१ किलोमीटरसाठी, मी सहा आठवड्यांत अंतर जवळजवळ दुप्पट केले होते आणि त्याच काळात वजन कमी करण्यासाठी रात्रीचे जेवणही सोडले होते. पाळी दोन महिने आली नव्हती; त्याचा खुब्याशी संबंध असेल असे मनातही आले नाही. सोबतचे धावपटू म्हणत, ‘धावून धावून मोकळे होईल.’ माझे दुखणे धावताना मोकळे न होता वाढत असे, आणि पुढे तर त्या एका पायावर उडी मारणेही अशक्य झाले. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मी आणखी दहा दिवस धावले, ही माझी सर्वांत मोठी चूक होती.

एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला सूक्ष्म तडा दिसला. तो मानेच्या खालच्या, आतल्या बाजूला असल्यामुळे शस्त्रक्रिया टळली. वरच्या बाजूला असता तर हाड सरकण्याची भीती असते आणि बहुधा स्क्रू घालावे लागतात, असे डॉक्टरांनी सांगितले. सहा आठवडे कुबड्या, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि आहारतज्ज्ञांकडून ऐकलेली बोलणी. पुन्हा धावायला पाच महिन्यांनी सुरुवात केली, तीही एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशी.

*(पुण्याचा मी मधेच लिहितो. माझा अनुभव वाचून कोणी जांघेतल्या दुखण्यावर घरच्या घरी व्यायाम सुरू करणार असेल, तर त्याने आधी ठाण्याचा हा अनुभव पुन्हा वाचावा. बाहेरच्या बाजूचे दुखणे आणि हे दुखणे यांची जातच वेगळी आहे.)*

सातारा, वय ६१

मला दुखण्याआधी मोजे कळले. उजव्या पायात मोजा घालायला आणि त्या पायाची नखे कापायला वाकता येईना. खुब्याच्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजली आहे. यवतेश्वरचा घाट चढताना आजही फारसे काही होत नाही, उतरताना मात्र प्रत्येक पाऊल जाणवते, म्हणून मी धावत चढतो आणि चालत उतरतो. धावणे सोडा, असे सांगणारे नातेवाईक पुष्कळ आहेत. डॉक्टरांनी तसे सांगितलेले नाही.

नागपूर, वय ४१

२०२१ मध्ये कोविडसाठी स्टेरॉइड घ्यावे लागले होते. काही महिन्यांनी दोन्ही जांघा दुखू लागल्या आणि मी दोष नव्या बुटांना दिला, बूट दोनदा बदललेही. निदान निघाले ते खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी झाल्याचे. धावणे संपले आहे, आता पोहतो. स्टेरॉइड घेतल्यानंतर जांघ दुखत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी त्यांना सांगावी.

बंगळूर, वय ३३

कुठे दुखते असे विचारले की मी अंगठा मागे आणि बोटे पुढे ठेवून खुबा मुठीत धरल्यासारखा दाखवतो. खुर्चीत तासभर बसून उठताना जांघेत कळ येते. एमआरआयमध्ये खुब्याच्या वाटीच्या कडेची कूर्चा फाटलेली दिसली आणि हाडावर उंचवटाही आहे. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, असे फाटणे काही न दुखणाऱ्या माणसांतही सापडते, तेव्हा घाई नको.

आठ महिने व्यायाम केला. पाऊल आखूड करून मिनिटाला १६२ ऐवजी १७२ पावले टाकायला शिकलो, त्याने खुब्यावरचा भार कमी झाल्याचे जाणवते, आणि पाच किलोमीटर निभावतात. सहावा किलोमीटर अजून निभावत नाही. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा धावू लागलेले कोणी येथे असेल, तर किती महिन्यांनी ते जमले, आणि मांडी घालून जेवायला बसता येते का, एवढे कृपया लिहावे.