मदत हवी आहे: ज्येष्ठांचं पडणं टाळण्यासाठीचा उपक्रम – नेमकं काय ठेवावं, काय गाळावं?

विसावा६५

नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठांच्या गटात ६५ ते ८५ वयाचे तीसेक जण आहेत. सगळे आपापल्या घरी राहणारे, बहुतेक हिंडते-फिरते, काहीजण काठी घेऊन येणारे. पडणं टाळण्यासाठी उपक्रम सुरू करायचा आहे. सध्याचा बेत असा: एक व्याख्यान, घरातल्या धोक्यांचं पत्रक आणि रोज एकत्र चालणं.

अडचणी:
१. 'पडण्यापासून सावध' असा विषय लावला की लोक म्हणतात, "हे फार म्हाताऱ्यांसाठी." ज्यांना खरी गरज, तेच फिरकत नाहीत.
२. कुणाला धोका जास्त, हे साध्या साधनांनी कसं ओळखायचं?
३. व्यायाम कोणते, किती? आणि वर्गातच कुणी पडलं तर?

'काळजी घ्या' छापाचे सल्ले नकोत, कृपया आकडे आणि पायऱ्या द्या.

एकपायी

स्पष्ट लिहितो, राग नसावा. तुमच्या बेतातल्या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण नुसत्या तेवढ्यावर पडणं कमी होणार नाही. व्याख्यान आणि पत्रक ऐकून-वाचून पायांत ताकद येत नाही. चालणं हृदयाला आणि साखरेला उत्तम, पण त्यात तोलाची परीक्षा फारशी होत नाही. उलट ज्याचा तोल आधीच कच्चा आहे, त्याला भराभर चालायला लावलं तर पडायच्या संधी वाढतात.

काम करतो तो तोलाचा आणि पायांच्या ताकदीचा व्यायाम. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि त्यात भक्कम पुरावा होता तो तोलाच्या व रोजच्या हालचालींवर बेतलेल्या व्यायामांचा. न्यूझीलंडचा ओटॅगो कार्यक्रम हा चांगला नमुना आहे: आठवड्यातून ३ वेळा अर्धा तास व्यायाम, शिवाय किमान २ वेळा चालणं. म्हणजे चालणं काढू नका, पण ते जोडीला.

ताकदीसाठी: घोट्याला बांधायची वजनं. खुर्चीत बसून गुडघा सरळ करणं. उभं राहून गुडघा मागे दुमडणं. पाय बाजूला उचलणं. वजनाशिवाय टाचा उचलणं आणि चवडे उचलणं. प्रत्येकी ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. वजन इतकं हवं की शेवटच्या दोन-तीन वेळा जड जाव्यात. आरामात १५ वेळा होतंय म्हणजे ते हलकं पडतंय.

तोलासाठी पाय ठेवायच्या चार पायऱ्या: पाय जुळवून, एक पाऊल अर्धं पुढे, टाचेला चवडा लावून एका रेषेत, एका पायावर. प्रत्येक १० सेकंद. एक जमली की पुढची. मग रेषेवर टाच-चवडा चालणं, उलटं चालणं, इंग्रजी आठच्या आकारात वळणं, हात न लावता खुर्चीतून उठणं.

हमखास बिघडतं ते इथे: लोक खुर्चीची पाठ सोडतच नाहीत. दोन हात, मग एक हात, मग दोन बोटं, मग हात नुसता वर तरंगता, असा आधार मुद्दाम कमी करत न्यायचा. माणूस किंचित डुलत नसेल तर त्याचा तोल शिकत नाहीये. आणि सगळा वर्ग बसून घेणं तर टाळाच; सांधे मोकळे होतात, उभ्याचा तोल जिथल्या तिथे राहतो.

मात्रा: घरचा सराव धरून आठवड्याला साधारण ३ तासांचं लक्ष्य ठेवा, आणि व्यायाम कायम चालू. थांबला की फायदाही ओसरतो. सहा आठवड्यांचं शिबिर घेऊन समारोप करणार असाल तर पुढचा वर्ग कुठे, हे आधी ठरवा.

मोजपट्टी

एकपायींना +१. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

आधी तीन प्रश्न: गेल्या वर्षभरात पडलात का? उभं राहताना-चालताना डळमळीत वाटतं का? पडण्याची भीती वाटते का? एकालाही 'हो' आलं तर पुढे मोजा. पहिला प्रश्न विचारताना 'घसरून खाली बसणं, ठेचकाळून जमिनीवर टेकणं हेही धरा' असं सांगा, नाहीतर लागलं नाही म्हणून लोक ते मोजतच नाहीत.

खुर्ची चाचणी: हात नसलेली, सरळ पाठीची खुर्ची, बैठक सुमारे ४३ सेंमी उंच, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर फुली करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. हात टेकवावे लागले तर गुण शून्य. ७० ते ७४ वयात पुरुष १२ पेक्षा कमी, बाया १० पेक्षा कमी, तर धोका. ८० ते ८४ मध्ये हेच आकडे १० आणि ९.

चालून येण्याची चाचणी: खुर्चीतून उठून ३ मीटरवरच्या रेषेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. नेहमीची चप्पल-बूट आणि काठी चालेल. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका. घड्याळापेक्षा वळणाकडे लक्ष द्या. वळताना भिंत शोधणारा हात बरंच सांगून जातो.

रक्तदाब: ५ मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. बसून एकदाच मोजलं तर हा उतार कळत नाही.

आणि यांना थेट गटाच्या व्यायामात घेऊ नका, आधी वैद्यकीय तपासणी: वर्षात दोन किंवा अधिक वेळा पडलेले, पडून उपचार घ्यावे लागलेले, शुद्ध हरपून पडलेले, पडल्यावर तासभर उठता न आलेले.

विसावा६५

दोघांचेही आभार, हे हवं होतं. पहिला प्रश्न राहिलाच. शिवाय औषधं, चष्मा, घर यांपैकी पत्रकात काय ठेवू?

काठीवाला

फलकावरून 'पडणं' काढून टाका. 'पाय मजबूत, तोल पक्का', जिना न धापता चढा, बसमधून सहज उतरा, असं लिहा. धोक्याने घाबरवलं की लोक दोनच गोष्टी करतात: विषय झटकतात, नाहीतर घरातून निघणं कमी करतात. दुसरं जास्त वाईट. हालचाल घटली की पाय आणखी कमजोर होतात आणि भीती खरी ठरते. न येणाऱ्यांकडे पत्रक पाठवू नका, त्यांच्या ओळखीचा कुणी वर्गातला माणूस पाठवा, आणि डॉक्टर-फिजिओथेरपिस्टना नाव घेऊन सांगायची विनंती करा. दोन वर्ग चुकले की तिसऱ्या दिवशी फोन.

पत्रकात फार कोंबू नका. औषधांत झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, नैराश्यावरच्या, रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या बघायच्या. सगळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा, एवढंच लिहा. 'झोपेची गोळी बंद करा' असं चुकूनही लिहू नका; अनेक दिवस घेतलेली अचानक थांबवली तर त्रास वेगळाच, ती हळूहळू उतरवावी लागते.

चष्मा: बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्हच्या खालच्या भागातून पायरी पाहिली की तिची कड धूसर दिसते. जे बाहेर खूप फिरतात त्यांना चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा फायद्याचा. नंबर एकदम खूप बदलला तर पहिले काही आठवडे जपून. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया रेंगाळत ठेवू नये.

घर: पलंग ते न्हाणीघर या वाटेवर रात्रीचा दिवा, न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा (टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही), पायऱ्यांच्या कडेला उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी, सुटे गालिचे बाद. आधी पडलेल्यांच्या घरी जाणकाराने जाऊन पाहिलं तर फरक जास्त पडतो. पायात मागून बंद, पातळ पण टणक तळव्याचं. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे नकोत.

काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी यावी. काठी धरायची दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. टोकाचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदला.

अवांतर: 'ड' जीवनसत्त्वाचा वर्षातून एकदाच मोठा डोस घ्या, असा सल्ला कुणी देईल. २०१०च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ५ लाख युनिटच्या वार्षिक डोसाने पडणं वाढलं होतं. कमतरता असेल तर डॉक्टर ठरवतील तसं.

एकपायी

वर्गात कुणी पडलं तर: हाताला धरून ओढून उठवू नका, खांदा निखळतो. डोक्याला मार, मान किंवा खुब्यात दुखणं, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणं, यांतलं काही असेल तर हलवायचं नाही, रुग्णवाहिका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोकं आपटलं असेल, तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना.

काही लागलेलं नसेल तर थोडं थांबू द्या. मग कुशीवर वळणं, कोपरावर जोर देऊन हात-गुडघ्यांवर येणं, रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत, दोन्ही हात बैठकीवर, मजबूत पाय पुढे टेकवून उठणं, वळून बसणं. तुमचं काम दुसरी खुर्ची मागे सरकवण्याचं. हे उठणं गादीवर एकेकाकडून करून घ्या. गुडघे बदललेल्यांना वगळा, त्यांना फिजिओथेरपिस्ट वेगळी पद्धत शिकवतील. वर्गात तोलाच्या वेळी सगळ्यांना भिंतीच्या कडेने उभं करा, समोर खुर्ची, आणि काठीवाल्यांजवळ एक मदतनीस.

विसावा६५

गादी आहे, हात नसलेल्या खुर्च्या नाहीत, त्या बघते. मोजपट्टी, ६५ ते ६९ आणि ७५ ते ७९ साठी खुर्चीचे आकडे मिळतील का?

मोजपट्टी

६५–६९: पुरुष १२, बाया ११. ७५–७९: पुरुष ११, बाया १०. याहून कमी आले तर धोका. तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. उंची बदलली की आकडे जुळत नाहीत.