ओढ्याकाठची झाडी आधी सावरावी, की वरच्या बाजूचे रेन गार्डन आधी करावे?

काठावरचा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वसाहतीच्या खालच्या अंगाला एक लहान ओढा आहे. त्याच्या काठावर बाहेरून आलेल्या झुडपांनी इतकी दाटी केली आहे की मूळची झाडे त्यात शोधावी लागतात. शिवाय वाहनतळाचे आणि छपरांचे पाणी एकाच नळीतून सरळ ओढ्यात पडत असल्यामुळे तेथील काठ दर पावसाळ्यात ढासळतो. निसर्गसंवर्धनाचे काम करणारे एक स्थानिक पथक काही दिवस मनुष्यबळ देण्यास तयार आहे. त्या दिवसांत काठाची सफाई आणि लागवड उरकून घ्यावी, की वाहनतळाच्या कडेला रेन गार्डन (पावसाचे वाहते पाणी अडवून जमिनीत मुरवणारा, रोपे लावलेला खोलगट वाफा) करून घ्यावे, यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. रेन गार्डनमुळे डास वाढतील, अशी काही रहिवाशांची शंकाही आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाणलोट

वरचे काम आधी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 100 चौरस मीटर छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 2,500 लिटर पाणी गोळा होते. डांबरी वाहनतळाचेही जवळपास तेच. हे पाणी पूर्वी जमिनीत मुरत होते, आता काही मिनिटांत नळीच्या तोंडाशी पोहोचते. तो जोर कायम ठेवून काठावर लावलेली रोपे पहिल्याच मोठ्या सरीत वाहून जातील. लागवडीची छायाचित्रे चांगली येतात, म्हणून लोकांचा कल तिकडे असतो. पण काठ ढासळण्याचे कारण वर आहे.

मात्र जागा ठरवण्यापूर्वी पाणी मुरते का, हे पाहावे. साधारण 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे आणि पुन्हा भरून दर तासाला पातळी किती उतरते ते मोजावे. ताशी सव्वा सेंटिमीटरही उतरत नसेल, तर माती बदलावी किंवा दुसरी जागा पाहावी. जेथे आधीच पाणी तुंबते ती जागा आयती खोलगट मिळाली म्हणून अनेक जण निवडतात, परंतु पाणी तुंबते याचाच अर्थ तेथे निचरा नाही. इमारतीच्या पायापासून किमान 3 मीटर अंतर ठेवावे.

डासांविषयी: नीट बांधलेल्या रेन गार्डनमधील पाणी 24 ते 48 तासांत जिरते, तर अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो. तीन दिवसांनंतरही पाणी दिसत असेल, तर रहिवाशांची तक्रार रास्त समजावी.

मातीकाम

वरील मताशी सहमत आहे. पथकाकडून हमखास होणाऱ्या चुकांविषयी थोडी भर घालतो. खणलेल्या वाफ्याच्या तळावर माणसांची आणि ढकलगाड्यांची ये-जा होऊन माती घट्ट दाबली जाते आणि मग कितीही चांगली रोपे लावली तरी पाणी वरच राहते. म्हणून काम कडेने करावे आणि ओल्या मातीत खणणे टाळावे. पाणी आत येते तेथे दगड बसवून त्याचा वेग मोडावा. खालच्या बाजूच्या बांधाला एक सांडवा ठेवावा आणि तो बांधाच्या माथ्यापेक्षा खाली असावा. नाहीतर मोठ्या पावसात पाणी स्वतःची वाट काढते आणि बांधच फुटतो. आच्छादनासाठी तंतुमय, चिरलेले लाकूड वापरावे, कारण सालीचे हलके तुकडे तरंगून सांडव्याशी अडकतात. कंपोस्टही हात राखून घालावे, अन्यथा त्यातील फॉस्फरस आणि नायट्रोजन झिरपून ओढ्यातच जाईल.

पाणी वाहनतळाचे आहे, याकडे विशेष लक्ष वेधतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात शहरी ओढ्यांत परतणारे कोहो सॅमन मासे अंडी घालण्यापूर्वीच मरत होते. टायरमधील एका रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन तयार होणारे विष त्याला कारणीभूत असल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समजले. त्याआधीच्या प्रयोगांत रस्त्याचे तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या मिश्रणातून गाळून दिल्यावर मासे जगले होते. त्यामुळे रेन गार्डन पाण्याचा वेग तर कमी करतेच, शिवाय ते पाणी गाळण्याचेही काम करते.

रानवाट

दोन्ही प्रतिसादांत काठाची सफाई नंतर करावयाची बाब म्हणून मागे पडली, हे मला पटत नाही. सफाई आत्ताही करता येईल, पण ‘साफ करणे’ या अर्थाने नव्हे. ढासळत्या काठावरील झुडपे परकी असली तरी सध्या त्यांचीच मुळे माती धरून आहेत; ती सरसकट उपटली तर उघड्या जमिनीवर तणच पुन्हा सर्वांत आधी उगवेल. सिडनीतील जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी 1960च्या दशकापासून याच्या उलट पद्धत रुजवली: मूळची वनस्पती ज्या तुकड्यात बऱ्यापैकी टिकून आहे तेथून सुरुवात करावी, माती कमीत कमी हलवावी आणि देशी रोपे ज्या गतीने मोकळी जागा व्यापतील त्याच गतीने पुढे सरकावे. यात दिवसाअखेरी दाखवण्याजोगे फारसे काही नसते. किती पोती तण काढले यावर काम मोजणाऱ्या पथकाला ही पद्धत रुचत नाही, हेही खरे.

काठावरचा

सर्वांचे आभार. पाणी मुरते का, याची खड्ड्याची चाचणी याच आठवड्यात घेऊ. पथकाचे दिवस मोजके आहेत. त्यानंतर तण कोणी काढायचे, हा प्रश्न मात्र उरतोच.

पाणलोट

पथकाशी बोलताना तोच मुद्दा आधी काढा. रोपांची संख्या कमी करा आणि वाचलेले दिवस पुढच्या हंगामासाठी राखून ठेवायला सांगा. पहिली दोन वर्षे निंदणी आणि कोरड्या काळातले पाणी लागतेच. शिवाय पाणी आत येण्याच्या तोंडाशी साचलेला गाळ प्रत्येक मोठ्या पावसानंतर काढावा लागतो. हे शेवटचे काम वसाहतीतील दोघांच्या नावावर आजच लावून टाका, कारण तोंड बुजले की पाणी पूर्वीच्याच वाटेने नळीकडे जाते.