सव्वा महिना झाला. बाळाला गावी न्यायचं का?

पेठेतली आई: लेकीला काल सहा आठवडे झाले, पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोस टोचून आणला. लगेच सासूबाईंचं सुरू, "सव्वा महिना झाला, गावी नेऊन देवाच्या पायावर घालूया." गाव गडहिंग्लजकडं, घरात पंचवीस माणसं. मी म्हणते 14 आठवड्यांचा डोस होऊ दे. नवरा दोन्हीकडं मान हलवतोय.

कागलच्या काकू: अगं ने की! आमची पोरं सव्वा महिन्यात एस्टीनं फिरलीत. पणजी वाट बघत असंल. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतील, झबलं-टोपडं देतील. माणसं काय खाणार हाईत व्हय पोरीला?

राजारामपुरीची सून: खात नाहीत काकू, मुके घेतात. माझ्या लेकाला एका दुपारी बारा जणांनी घेतलं. त्यातल्या एका आत्यांना पंधरा दिवस खोकला, म्हणे "हवापालट". चौथ्या दिवशी बाळ तापलं, 101. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला की काढे-बिढे करत बसायचं नसतं, थेट दवाखाना. तीन रात्री ॲडमिट होतो. आत्या बघायला आल्या, तेव्हाही खोकतच होत्या! डांग्या खोकल्याची लस पेंटाव्हॅलंटमध्येच असते, पण एका डोसावर भागत नाही, म्हणून तर 10 आणि 14 आठवड्यांना परत टोचतात.

दोन पोरांचा बाप: पण महाद्वार रोडला खरेदीला बाळ घेऊन जाणारे मी बघितलेत. ती गर्दी चालते, गावची आजी तेवढी चालत नाही! आमच्या आईनं दारातच बादली, तांब्या, साबण ठेवलेला. हात धुतल्याशिवाय सोप्यात पाऊल नाही. थोरले चुलते म्हणाले, "ऑपरेशन करायचंय का काय?" पण धुतले गुमान.

पेठेतली आई: हात धुतील ओ, मधाच्या बोटाचं काय? वर्षाच्या आत मध नको, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा धोका असतो, हे पणजीला कोण सांगणार?

कागलच्या काकू: मधाचं मात्र तुझं बरोबर हाय, आमच्या सुनंनं पण बंद केलं. पण तू सांगू नको. सून बोलली की शहाणी ठरते. नवऱ्याला बोलू दे, त्याच्या घरची माणसं हाईत.

पेठेतली आई: हे सगळं त्याला वाचून दाखवलं. म्हणतो, "बरोबर आहे काकूंचं. पण आईला आधी तूच सांग."