रॅक आधी की विशबोन आधी? घरी बांधलेल्या गाडीच्या पुढच्या चाकांवरून वाद

कोव्हेंट्रीकर:

गेल्या आठवड्यात इथे इंग्लंडात एका मराठी मुलाच्या गॅरेजात गेलो होतो. तो लोटस सेव्हन या जुन्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची गाडी बांधतोय. चौकोनी नळ्यांची चासी उभी आहे, पुढच्या विशबोनचे (चाक चासीला जोडणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दुबेळक्यांचे) ब्रॅकेट पक्के वेल्ड झालेत आणि स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा आडवा भाग) अजून खोक्यातच आहे. "हा कुठे बसवणार?" विचारलं, तर म्हणाला, "रेडिएटर बसला की उरेल त्या जागेत." मी त्याला म्हटलं, आता वेल्डिंग मशीनला हात लावू नकोस.

माझं ठाम मत आहे: घरी बांधलेल्या गाडीत पहिली जागा ठरवायची ती रॅकची. विशबोन त्यानंतर. बहुतेक जण उलटं करतात आणि मग वर्षभर स्प्रिंगा नि टायर बदलत बसतात.

कारण सांगतो. गाडीकडे समोरून बघा. वरचा आणि खालचा विशबोन आतल्या बाजूला मनाने लांबवा. त्या दोन रेषा जिथे मिळतात, त्या बिंदूभोवती चाक त्या क्षणी वरखाली होत असतं. टाय रॉडची, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, रेषाही त्याच बिंदूत जायला हवी, आणि टाय रॉडचं आतलं टोक ढोबळमानाने दोन्ही विशबोनच्या आतल्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवं. तसं नसेल तर चाक उचललं गेलं की ते स्वतःहून वळतं. तुम्ही स्टीअरिंग घट्ट धरून बसा, काही उपयोग नाही. याला बम्प स्टीअर म्हणतात.

हे मी स्वतः भोगलंय. गाडी चाचणी पास होऊन नंबरप्लेट लागली होती. वॉरविकशायरच्या गावरस्त्यावर ताशी ४५ मैलांनी जाताना डावं चाक कडेच्या गटाराच्या झाकणावर चढलं आणि गाडी सरळ कुंपणाकडे निघाली. मी काही केलं नव्हतं. घरी येऊन मोजलं, तर रॅक १२ मिमी वर बसलेला. माझा टाय रॉड ३३० मिमीचा आणि चाकाकडे तो ज्याला जोडतो तो स्टीअरिंगचा दांडा ११० मिमीचा. एवढ्या चुकीने चाक २५ मिमी वर गेलं की त्याचं पुढचं तोंड जवळजवळ अर्धा अंश बाहेर वळत होतं. १३ इंची रिमवर हे पावणेतीन मिमी होतात, आणि तेही एकाच चाकाला. आपण टो (वरून बघता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली ठेवणं) लावतो तो दोन्ही चाकांचा मिळून एकदीड मिमी.

मी त्याआधी दोन महिने काँप्युटरवर रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) कुठे येतो हे बघण्यात घालवले होते. तो वेळ रॅकला द्यायला हवा होता.

कॅम्बरवेडा:

अनुभव खरा, निष्कर्ष चुकीचा. मी पुण्यात कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी रेसगाडी बांधायची स्पर्धा) संघात दोन वर्षं सस्पेन्शन केलंय, म्हणून बोलतो.

तुम्हीच लिहिलंत की टाय रॉडची रेषा विशबोनच्या बिंदूतून जायला हवी. मग विशबोन ठरल्याशिवाय तो बिंदू आणणार कुठून? नवरीच ठरली नाही आणि तुम्ही कार्यालयाची तारीख घेताय. क्रम टायरपासून सुरू होतो: टायर, मग चाकाच्या आत बॉल जॉइंटला (विशबोनच्या बाहेरच्या टोकाच्या सांध्याला) मिळणारी जागा, मग विशबोन, मग रॅक.

आणि रोल सेंटर, कॅम्बर (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल) यांना तुम्ही वेळ घालवणं म्हणताय ते पटत नाही. विशबोन समांतर आणि सारख्या लांबीचे ठेवले, तर बॉडी जितकी कलते तितकंच चाकही बाहेर कलतं. बॉडी दोन अंश कलली की बाहेरच्या टायरची पकड कडेवर आली. त्यावर उपाय म्हणून आधीच दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं डोकं आत) देऊन ठेवला, तर ब्रेक मारताना टायर आतल्या कडेवर उभा राहतो. दोन्ही सांभाळायचं तर वरचा विशबोन आखूड आणि आत उतरता हवा. समोरून दिसणाऱ्या काल्पनिक झुलत्या दांड्याची (चाकापासून विशबोनच्या रेषा मिळतात त्या बिंदूपर्यंत) लांबी २ मीटर धरली, तर दर २५ मिमी उचलीला साधारण ०.७ अंश कॅम्बर मिळतो. हे हिशोब पुढच्या टोकाचा पाया आहेत.

अजून एक. बम्प स्टीअर शून्य असणं हे ध्येय नाही. कारखान्यातल्या गाड्यांना चाक उचललं की थोडंसं टो-आऊट (पुढचं तोंड बाहेर; उलट ते टो-इन) मुद्दाम दिलेलं असतं. वळणात बाहेरचं चाक किंचित बाहेर बघतं आणि गाडी चालकाच्या अंगावर येत नाही. तुमची चूक दिशेची नव्हती, मापाची होती.

कोव्हेंट्रीकर:

दिशेचा मुद्दा मान्य. थोडं टो-आऊट मलाही चालेल, टो-इन अजिबात नाही.

पण क्रमाबद्दल मी माघार घेत नाही. तुमच्या संघात विशबोन, अपराइट (चाकाचा हब धरणारा उभा तुकडा), रॅक सगळं तुम्ही आखत होतात. घरी बांधणाऱ्याकडे रॅक भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचा येतो. त्याच्या दोन आतल्या सांध्यांमधलं अंतर एस्कॉर्टच्या आखणीत ठरलेलं, मला ते बदलता येत नाही. विशबोन मात्र मी नळी कापून हव्या त्या मापाचा करतो आणि ब्रॅकेट हवा तिथे लावतो. जे हलवता येत नाही तिथून सुरुवात करायची. रॅकची रुंदी घ्या, त्यावरून खालच्या-वरच्या सांध्यांच्या जागा काढा. तुमचा कॅम्बर त्यातूनही मिळेल.

रॅक आखूड करून मिळतो हे माहीत आहे. ज्याच्या हाताखाली चांगला लेथवाला आहे त्याने जरूर करावा. पहिली गाडी बांधणाऱ्याला मी स्टीअरिंगचे भाग कापायला सांगणार नाही.

ओळंबा_कोल्हापूर:

नमस्कार मंडळी. माझं शिरोलीकडे छोटं वर्कशॉप आहे, अलाइनमेंट आणि पुढच्या कामाची तीस वर्षं झाली. आपल्याकडं घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तर कारखान्याच्या मूळ रचनेत फेरफारही चालत नाहीत. पण ऑटोक्रॉस शर्यतीला पळवायच्या मारुती जिप्सी माझ्याकडं येतात. त्यांना पुढं पाटे आणि अखंड एक्सल. पोरं पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी उंच करतात, स्टीअरिंगचा लांब दांडा तिरका होतो आणि खड्ड्यात गाडी हात ओढते. विशबोन नसला तरी दुखणं हेच. त्यामुळं कोव्हेंट्रीकर सायबांचं दुखणं मला ओळखीचं वाटलं.

पण तुम्ही दोघं कागदावर भांडताय. माझं म्हणणं, आधी मोजा. स्प्रिंग काढा आणि तिच्या जागी ठरलेल्या उंचीला गाडी धरून ठेवील असा लोखंडी दांडा लावा. मधोमध स्टीअरिंग बांधून टाका. चाक काढून हबवर प्लायवूडची सपाट फळी बोल्ट करा, फळीच्या पुढं-मागं एकेक डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) उभा करा. आता दांडा काढून जॅकनं हब दहा-दहा मिमी उचला, ४० वर आणि ४० खाली, आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. त्याचा आलेख काढा. रेघ सरळ पण तिरपी आली, तर रॅकची उंची चुकलीय. रेघ केळ्यासारखी वाकली, म्हणजे वर-खाली दोन्हीकडं टो एकाच बाजूला पळतो, तर टाय रॉडची लांबी चुकलीय. मग वॉशर घालायचे की ब्रॅकेट कापायचा ते कळतं. नाहीतर अंधारात पाना फिरवणं.

आणि या सगळ्याच्या आधी फरशी समतल आहे का बघा. पाण्याची नळी, ओळंबा, गुण्या. तिरक्या फरशीवर घेतलेल्या मापांना काही अर्थ नाही.

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. विशबोनच्या सांध्यात रबरी बुश असेल तर त्याचा बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली घेतल्यावर रबर पिळलेलंच राहतं, गाडीची उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटतो. अशा गाड्या मी कित्येक बघितल्या.

याराकाठची:

मेलबर्नहून लिहितेय. इथे स्वतः बांधलेल्या गाडीची नोंदणी करायची तर चासी किती पीळ खाते हे मोजून दाखवावं लागतं. मला वाटतं भारतात आणि ब्रिटनमध्ये बांधणाऱ्यांनीही ते मनाने करावं. कारण चासीच पिळत असेल, तर तुमचे बिंदू आणि रेषा गाडी उभी असतानाच खऱ्या असतात. वळणात चासी स्वतः एक स्प्रिंग होते आणि तिला कुठलाच शॉकअॅब्सॉर्बर नसतो.

माझ्या पहिल्या गाडीत इंजिनभोवतीच्या चौकटीला वरून तिरकी नळी नव्हती, इंजिन काढता यावं म्हणून सोडून दिली होती. बोल्टने लागणारी तिरकी नळी घातली आणि गाडी दुसरीच झाली. जॉमेट्रीला हातही लावला नव्हता. म्हणून माझा क्रम: चासी, मग शॉकअॅब्सॉर्बर, मग तुमचा वाद.

सिएराप्रेमी:

सगळे बम्प स्टीअरवर बोलताय, पण ब्रिटनच्या आयव्हीए चाचणीत (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची तपासणी) लोक अडकतात ते स्टीअरिंग स्वतःहून सरळ होण्यावर. जुन्या फोर्ड सिएराचे अपराइट घेतले की हे हमखास. माझं साधं उत्तर आहे. चाचणीच्या दिवशी टायर टम्म फुगवा, टो बदला, पास व्हा आणि घरी येऊन सगळं पुन्हा हवं तसं करा. मी तसंच केलं आणि गाडी उत्तम चालते. मला हलकं स्टीअरिंग आवडतं, कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कल) वाढवून ते जड का करू?

कोव्हेंट्रीकर:

सिएराप्रेमी, इथे मी तुमच्या पूर्ण विरुद्ध आहे.

सिएराचा अपराइट मॅकफर्सन स्ट्रटसाठी (वरच्या विशबोनऐवजी स्प्रिंग-शॉकअॅब्सॉर्बरचा उभा दांडा) ओतलेला. विशबोन लावायचा म्हणून आपण त्याच्या वरच्या भोकात छत्रीच्या आकाराचा तुकडा बसवून बॉल जॉइंट घालतो. तिथेच किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा, कल बदलतो. शिवाय सिएराच्या पुढच्या चाकांवर जितकं वजन असे, त्याच्या जेमतेम निम्मं आपल्या गाडीत असतं. चाकाला सरळ आणणारं बळ वजनावर अवलंबून असतं, म्हणून सिएरात पुरणारा कॅस्टर आपल्याला पुरत नाही. १८५/६० चा १३ इंची टायर घ्या, जमिनीपासून हबमध्यापर्यंत सुमारे २६५ मिमी. ३ अंश कॅस्टरला चाकाचा स्पर्श किंगपिनच्या रेषेमागे १४ मिमी पडतो, ५ अंशांना २३ आणि ७ अंशांना साधारण ३२ मिमी. इतक्या हलक्या गाडीत ७ अंशांनीही हात दुखत नाही. शिवाय वळताना बाहेरच्या चाकाला फुकटचा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो. कॅम्बरवेडा यांना हवा तो थोडासा इथूनही येतो.

चाचणी अधिकारी आपला शत्रू नाही. ओल्या रस्त्यावर स्टीअरिंग सरळ होत नाही हे लक्षात येतं तेव्हा शेजारच्या सीटवर आपलंच माणूस बसलेलं असतं. माझ्या शेजारी माझी मुलगी बसते. म्हणून हे मला सोडून देता येत नाही.

सिएराप्रेमी:

मुलीचा मुद्दा ऐकून गप्प बसतोय, पण पूर्ण पटलं असं नाही. वरच्या विशबोनच्या शिमा (सांध्यातल्या पातळ चकत्या) इकडून तिकडे करून कॅस्टर सहा अंश होतो का बघतो. हात दुखले तर पुन्हा इथेच येईन.

कॅम्बरवेडा:

"जे हलवता येत नाही तिथून सुरुवात" हे मला मान्य करावं लागतंय. आमच्याकडे सगळंच हलवता येत होतं, म्हणून ते सुचलं नाही. पण रॅकवरून विशबोन काढताना कॅम्बरचा हिशोब त्याच बैठकीत करा, नंतर नको. आणि सगळं नुसतं टॅक करा, म्हणजे ठिपक्यापुरतं वेल्ड. ओळंबावाल्या काकांच्या फळीवर आकडे आल्याशिवाय पूर्ण टाका घालू नका.

पहिलीच_गाडी:

तो गॅरेजवाला मुलगा मीच. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून शनिवारी दिवसभर मोजत बसलो. फरशी दाराकडे ९ मिमी उतरती निघाली, आधी ती लाकडी पट्ट्यांनी सारखी केली. रेडिएटरच्या मागे रॅक नुसता क्लॅम्पने धरला आणि ओळंबाकाकांच्या पद्धतीने आकडे घेतले. डायल गेज एकच होता, तो पुढे-मागे हलवला.

रेघ सरळ आली, तिरपी. २० मिमी वर गेलं की रिमवर २ मिमी टो-आऊट, २० मिमी खाली की तेवढंच टो-इन. वाकलेली नाही, म्हणजे टाय रॉडची लांबी बरोबर आहे. रॅक अंदाजे ११ मिमी खाली घ्यावा लागेल आणि तिथे चासीची आडवी नळी येते. नळी हलवायची की विशबोनचे चारही ब्रॅकेट कापून वर घ्यायचे यावर रात्री विचार केला. नळीला इंजिनचा माऊंट आहे. म्हणून उद्या ब्रॅकेट कापतोय. कॅम्बरवेडा, वरचा विशबोन किती आखूड करू ते त्याआधी सांगा. खालचा आतल्या सांध्यापासून बॉल जॉइंटपर्यंत ३४० मिमी आहे.