मागच्या एक्सलचं डावं बेअरिंग सारखं जातंय, मदत हवी आहे

मंडळी, माझ्या जुन्या फोर-बाय-फोर जीपचं मागचं डावं बेअरिंग पुन्हा घरघरायला लागलंय. उजवं ठणठणीत आहे. गाडी पावसाळ्यात ओढ्यांतून, चिखलातून फिरते. उघडलं तर ग्रीस पाणी मिसळून दुधाळ, रोलरवर गंजाचे ठिपके आणि ऑइल सीलची (तेल बाहेर आणि पाणी आत जाऊ न देणाऱ्या रबरी कड्याची) कड एकाच बाजूने झिजलेली. मिस्त्री म्हणतात माल हलका, पण मला ते पटत नाही. तापलेलं हाऊसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते. ब्रीदर (हाऊसिंगमधली हवा आत-बाहेर जायची वाट) तुंबलेला असेल तर पाणी सीलमधूनच आत ओढलं जातं. म्हणून ब्रीदरची नळी उंच घेतोच आहे. पण झीज एकतर्फी का? हाऊसिंग वाकलंय का, हे एक्सल न उतरवता कसं तपासायचं? चाकं बाहेरच्या बाजूला सरकवणाऱ्या रिम्सचाही बेअरिंगवर ताण असेल का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.