तंबोऱ्याचा भोपळा

संगीत माणसं जोडतं हे मान्य, पण निसर्गाशी त्याचं नातं ही निव्वळ कविकल्पना, हे मत मला अजिबात पटत नाही.

साधा तंबोरा घ्या. त्याचा भोपळा वेलीवर वाढतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे मिरजेला जातात आणि तिथले कारागीर त्यांचे तंबोरे घडवतात. पण निसर्गाशी नातं तिथे संपत नाही. सदाशिव पेठेत बाईंकडे गाणं शिकत होते, तेव्हा आषाढातल्या दमट हवेत लावलेला सूर दहा मिनिटांत हलायचा. बाई मुळीच चिडत नसत. तारांत ओवलेले मणी किंचित सरकवायच्या, घोडीवर तारांखाली असलेला जवारीचा दोरा केसभर पुढेमागे करायच्या, डोळे मिटून ऐकायच्या. षड्ज, म्हणजे ‘सा’, नीट लागला की आम्ही पाचही जणी आपोआप गप्प व्हायचो. बाहेर पागोळ्या, आत तो नाद.

सवाई गंधर्व महोत्सवाचंही तेच. 1953 साली सुरू झालेला हा महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, त्यामुळे पहाटेचे राग खरोखर पहाटे ऐकायला मिळायचे. ध्वनिक्षेपकाच्या वेळेचं बंधन आलं आणि ते ऐकणं गेलं. (नियम योग्यच आहे, तरी हळहळ वाटते.) डिसेंबरच्या त्या थंडीत शेजारच्या अनोळखी आजींनी अर्धी शाल माझ्या खांद्यावर टाकली होती. पहाटेचा राग ललत सुरू होता, आणि मंडपाबाहेर हळूहळू उजाडत होतं.